खऱ्या बहिणीचा खोटा दाखला

मैनाला आपल्याच बापाच्या शेतात शिरायला वहीत सही करावी लागली.

शेत आता शेत राहिलं नव्हतं हे खरं. चिंचेच्या मळ्यात बारा मजल्यांच्या चार इमारती उभ्या होत्या, मागच्या अंगाला रो-हाऊसांची रांग होती, आणि कमानीवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत ‘टॅमरिंड ग्रीन्स’ असं लिहिलेलं होतं. आधी चिंच तोडायची आणि मग इमारतीला तिचं नाव द्यायचं, ही हिंजवडीची नवी रीत. जिवंतपणी ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या नावानं मेल्यावर चौक करतात, त्यातलाच प्रकार. कमानीखालच्या टपरीएवढ्या खोलीत नागोराव नावाचा लातूरकडचा वॉचमन बसला होता. त्यानं वही पुढे सरकवली.

“नाव, कुणाकडं, काम काय, टाइम, सही.”

“भावाकडे आलेय.”

“सगळेच कुणाच्या ना कुणाच्या भावाकडं येतेत, मावशी. लिवा.”

लिहायला मैना चाळिशीनंतर शिकली होती, वाघोलीच्या तिच्या खाणावळीत जेवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून. महिनाभराच्या जादा पोळ्यांच्या बदल्यात त्यांनी तिला बाराखडी दिली होती, आणि आयुष्यातला एवढा चोख सौदा तिनं दुसरा केला नव्हता. तिनं नाव लिहिलं, भावाचं नाव लिहिलं, आणि ‘काम’ या रकान्यापाशी तिचा हात थांबला. ‘किडनी द्यायला’ असं लिहावं हे तिच्या मनात आलं, पण रकाना लहान होता. तिनं ‘घरगुती’ असं लिहिलं आणि ती आत गेली.

विक्रमची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्याला दीड वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, त्याचं रक्त यंत्रातून धुऊन निघत होतं. यंत्रावर फार काळ काढता येणार नाही, घरातलंच कुणी देणारं असेल तर बघा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हा घरातल्यांची रांग लागली, म्हणजे लागायला हवी होती. बायकोचा, नम्रताचा, रक्तगट जुळला नाही. ती बिचारी खरोखर रडली. आई सत्तरीच्या पुढची. थोरल्या दत्तोबाला नेमकी त्याच आठवड्यात साखर निघाली. साखर असलेल्याला किडनी देता येत नाही. साखर असलेल्यानं जिलेबी खाऊ नये, हे मात्र दत्तोबाला कुणी सांगितलं नसावं.

मैनाला कुणी विचारलंच नव्हतं. गणपतीला म्हणून ती आली, विक्रमचा सुजलेला चेहरा तिनं बघितला, आणि तीच म्हणाली, “माझं रक्त घ्या बघू.” घेतलं. पेशींच्या सहापैकी सहा खुणा जुळल्या. सख्ख्या भावंडांतही चारांत एखाद्याचंच असं जुळतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवशी दत्तोबानं पेढे वाटले. पेढेही त्यानं खाल्ले.

तिच्या नवऱ्याला, कचरूला, हे पटलं नव्हतं. तो कंपनीची बस चालवायचा आणि कमी बोलायचा. “भाऊबीजेला वर्षाची एक साडी देतात,” तो म्हणाला होता, “आन् तू किडनी देतेस. परतफेड जरा जास्तच व्हतीय.” पण त्यानं तिला अडवलं नाही. विक्रमवर तिचा जीव होता हे त्याला ठाऊक होतं. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेलं ते पोर तिच्या कडेवर वाढलं होतं. आई रानात जायची आणि मैना शाळेत जायची नाही, असं ते साधं गणित होतं.

विक्रमच्या रो-हाऊसच्या हॉलमध्ये सगळे जमलेले होते. कोचावर दत्तोबा, त्याच्या शेजारी उशीला टेकून विक्रम, पंख्याखाली खुर्चीत आई. नम्रता ट्रे घेऊन फिरत होती. आणि समोरच्या एकट्या खुर्चीत, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल घेऊन, पांढऱ्या सदऱ्यातला एक अनोळखी गृहस्थ बसला होता. त्याच्या चपला दाराबाहेर अगदी एका रेषेत ठेवलेल्या होत्या.

“हे माधवराव,” दत्तोबा म्हणाला. “आपली कागदपत्रं बघत्यात.”

“एजंट?” मैनानं विचारलं.

“समन्वयक,” माधवराव म्हणाले. “एजंट घर दाखवतो. बसा ताई. आपण वीस मिनिटं उशिरा आलात, पण इथल्या ट्रॅफिकचा दोष आपल्याला कशाला देऊ.”

हा माणूस या घराला नवा नव्हता, हे मैनाला बसल्या बसल्या कळलं. त्याला चहात साखर किती लागते हे नम्रताला न विचारता ठाऊक होतं. मैनाचं रक्त जुळण्याआधी याच खुर्चीत बसून त्यानं बाहेरच्या किडनीची बोलणी केली असणार. कायद्यानं किडनी जवळच्या नातेवाइकाचीच चालते, नाहीतर प्रेमापोटी दिलेली, आणि ते प्रेम समितीपुढे सिद्ध करावं लागतं. माधवरावांचा धंदा त्या प्रेमाचा होता. ते कुणाचा मेव्हणा तयार करत, कुणाची पत्नी. उत्तरेकडे कुठल्याशा शहरात धाड पडून डॉक्टरसुद्धा आत गेल्यापासून धंदा जरा थंड होता, एवढंच.

“गुरुवारी समिती बसते,” माधवराव म्हणाले. “पाच माणसं, एक टेबल, एक कॅमेरा. सगळं चित्रित होतं. देणारा आणि घेणारा यांना वेगवेगळं बसवतात आणि तेच प्रश्न दोघांना विचारतात. उत्तरं जुळावी लागतात. तेव्हा आज सराव.”

“कशाचा?” मैना म्हणाली. “भाऊ-बहीण असण्याचा?”

“अहो ताई, खऱ्या नात्यालाच सराव लागतो. खोट्यांचं पाठ असतं.”

नम्रता हसली. तिच्याखेरीज कुणी हसलं नाही.

माधवरावांनी फाइलीतून प्रश्नांचा कागद काढला, चष्मा लावला आणि मैनाकडे बघितलं. “भावाचा जन्म?”

“आखाडातला. दिवेलागण झाली व्हती. सुईण यायच्या आधीच आला, घाई होती त्याला.”

“तारीख?”

“शाळेत एक जून घातलीय.”

“मग एक जून सांगा. समितीला आखाड कळत नाही. भावाच्या अंगावर एखादी खूण?”

“हनुवटीखाली. चार टाके. ह्याच मळ्यातल्या चिंचेवरनं पडला, सात वर्षांचा व्हता. मी उचलून वाकडपर्यंत पळत नेला, पायात चप्पल नव्हती.” मैनानं विक्रमकडे बघितलं. विक्रमनं हनुवटीला हात लावला, जणू खूण अजून जागेवर आहे का ते तो बघत होता.

अशा बारा प्रश्नांना मैनानं बारा उत्तरं दिली. विक्रमला गोवर कधी आला, भरल्या वांग्यात त्याला कूट किती लागतं, बापानं त्याला कशावरून मारलं होतं. माधवराव खुणा करत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा होता, कारण यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी खुर्ची वळवली.

“आता आपण. बहिणीचं लग्न कोणत्या साली झालं?”

“सेव्हंटी-एट,” विक्रम म्हणाला. “का नाइन. मी लहान होतो ना.”

“मुलं किती?”

“दोन. नाही, एकच. मुलगी. बरोबर ना, आक्का?”

“त्यांना विचारायचं नाही. मुलीचं नाव?”

विक्रमनं छताकडे बघितलं. “पिंकी.”

पिंकी ही दत्तोबाची धाकटी. मैनाच्या मुलीचं नाव मुक्ता होतं, आणि तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात हाच विक्रम मामा म्हणून तिच्या पाठीशी उभा राहिला होता. फेटा बांधून. अंतरपाट दूर होईपर्यंत मोबाइल खिशात वाजत होता आणि तो उचलण्यासाठी त्याची चुळबुळ चालली होती, हे फोटोतसुद्धा दिसत होतं.

“बहिणीचं पूर्वी काही ऑपरेशन?”

“नाही. शी इज व्हेरी हेल्दी.”

“पिशवी काढलीय माझी,” मैना म्हणाली. “चार वर्षं झाली. सरकारी दवाखान्यात दहा दिवस व्हते. सांगितलं व्हतं तुला फोनवर.”

“ऑफिसचं रिलीज होतं गं तेव्हा.”

माधवरावांनी चष्मा काढून पुसला. “बहीण उत्तीर्ण. भाऊ नापास. अहो, वाघोलीच्या साइटवरचा एक माणूस तयार केला होता मी आपल्यासाठी, त्याला तीन दिवसांत याच्या दुप्पट येत होतं. आपल्या पत्नीच्या माहेरची नावंसुद्धा त्यानं पाठ केली होती. गरजू माणूस अभ्यास करतो.”

“विक्रम, यू हॅव टू स्टडी,” नम्रता काळजीनं म्हणाली. “मी चार्ट करून देते.”

मैनाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. वाघोलीच्या साइटवरचा माणूस म्हटल्यावर तिला संतोष आठवला. संतोष यवतमाळकडचा, तिच्या खाणावळीत जेवायचा. गेल्या पावसाळ्यात त्यानं शर्ट वर करून बरगडीपासून पाठीपर्यंत गेलेला व्रण तिला दाखवला होता. तो कुणाचा तरी मेव्हणा झाला होता, एका महिन्यापुरता. आता सिमेंटचं पोतं उचलवत नाही म्हणून मुकादमानं त्याला काढलं होतं, आणि दाजी फोन उचलत नव्हते. मैना त्याला तेव्हापासून भाजी जास्त वाढत असे. त्याला मेव्हणा करणारा समन्वयक असाच कुणीतरी असणार, चहात दीड चमचा साखर घेणारा.

“आता आजी,” माधवराव म्हणाले. “त्यांना एकच प्रश्न विचारतील, पण विचारतील. विमलाबाई, इकडे बघा. आपल्याला अपत्यं किती?”

आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं त्यांच्या मांडीवरच्या फाइलीकडे बघितलं आणि मग दत्तोबाकडे. तिची पाठ ताठ झाली. हात गुडघ्यांवर गेले. शाळेत उभं केलेल्या पोरानं कविता म्हणावी तशी ती बोलली.

“दोन. दत्तोबा आन् विक्रम. तिसरं कुनी नाय.”

नम्रतानं ट्रे टेबलावर ठेवला.

“आये,” दत्तोबा घाईघाईनं म्हणाला, “आगं ते न्हवं. हे दवाखान्याचं हाय.”

“थांब, दादा.” मैना उठली नाही, पण तिचा आवाज उठला. “तिसरं कुनी नाय, हे आईचं बोलणं नव्हं. आई असं बोलत नाय. ही शिकवणी कुणी घेतली? कधी?”

माधवराव फाइलीची कड बोटानं सरळ करत होते. ते अशा प्रसंगांना सरावलेले असावेत, किंवा त्यांना हे आधीपासून माहीत असावं. शेवटी त्यांनीच सांगितलं, कारण घरच्यांना सांगवेना आणि त्यांना पुढे जायचं होतं.

“ताई, हॉस्पिटलला आपल्या नात्याचा पुरावा लागतो. आपला जन्मदाखला नाही. शाळेत आपण गेला नाहीत. रेशनकार्ड, मतदारयादी, सगळं नवऱ्याच्या नावानं. राहिली तलाठ्याकडची वारसनोंद. आपले वडील सोनबा वारले तेव्हा इथं प्रतिज्ञापत्र दिलेलं आहे. वारस पत्नी आणि दोन मुलगे. अन्य अपत्य नाही. त्यावर विमलाबाईंचा अंगठा आहे. सरकारदरबारी आपण या घरात जन्मलेल्याच नाहीत.”

बाप वारला तेव्हा मैना तेरा दिवस याच गावात होती. तेराव्याच्या जेवणाची पुरणपोळी तिनं लाटली होती. जन्मलीच नव्हती, म्हणजे पोळ्या कुणी लाटल्या?

“दादा,” ती म्हणाली, “हक्कसोडीवर सही मागायची होतीस. मी दिली असती. अंगठा दिला असता, तेव्हा सहीच येत नव्हती. गावातल्या सगळ्या पोरी देतात, साडी नेसून रजिस्ट्रारकडं जातात, भाऊ आइस्क्रीम खाऊ घालतात आन् सोडतात. तेवढं तरी विचारायचं.”

“तवा येळ नव्हता,” दत्तोबा म्हणाला. “जमीन घेनारे कंपनीवाले घाई करीत व्हते. तुझी सही घ्यायची म्हंजे कचरू आला, त्याच्या शंका आल्या. वकील म्हनला, नावच नगं. अर्ध्या गावानं तसंच केलंय. कुन्या पोरीचं नाव लागलंय हितं, दाव मला.”

“अर्ध्या गावाच्या किडन्या गेल्या असत्या तर मजा आली असती,” मैना म्हणाली.

नम्रताला हे खरंच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती कोथरूडची, तिच्या माहेरी जमीन नव्हती, नुसता फ्लॅट होता. “मग डीएनए टेस्ट करू ना,” ती म्हणाली. “त्यात तर लगेच प्रूव्ह होईल. डॉक्टर म्हणालेच होते, डाउट असेल तर डीएनए.”

“नगं!” दत्तोबा ओरडलाच. मग आवाज खाली आणत म्हणाला, “त्याचा रिपोर्ट शिक्क्यानिशी येतो. उद्या कोर्टात लावला तर?”

असं ते घर होतं. बहिणीचं रक्त हवं होतं, पण ते रक्त आपलंच आहे असं कुणी लिहून द्यायला नको होतं.

माधवरावांनी फाइलीतून एक कागद अलगद ओढला आणि टेबलावर ठेवला. कडा पिवळ्या पडलेला जन्मदाखला होता. मैना, पित्याचं नाव सोनबा, मुक्काम हिंजवडी, सन एकोणीसशे एकसष्ट. खाली गोल शिक्का.

“तलाठ्याकडे जायला नको, नोंद उघडायला नको,” ते म्हणाले. “कागद मी केलाय, पण शिक्का जुनाच आहे, अस्सल. या धंद्यात एकवीस बहिणी तयार केल्या, ताई. खऱ्या बहिणीचा खोटा दाखला करायची वेळ पहिल्यांदाच आली. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे, म्हणून जरा अवघड गेलं.”

मैनानं दाखला उचलून वाचला. अक्षर सुरेख होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपलं आणि बापाचं नाव एका कागदावर बघितलं, आणि तो कागद कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला होता. ती त्याचा वास घेऊन बघायच्या बेतात होती. तिला फार राग आला. दत्तोबाचा आला त्याहून या सुरेख अक्षराचा जास्त आला.

“हा मला नको,” ती म्हणाली. “उद्या सोमवार. तलाठी बसतो. आईला घेऊन जायचं, नवीन प्रतिज्ञापत्र करायचं, जुनं खोटं होतं म्हणून लिहून द्यायचं. खरा कागद घेऊन मी गुरुवारी येते. कॅमेऱ्यापुढं खरं बोलायला मला सराव लागत नाय.”

“आन् वड्याकडचे ऱ्हायलेले दोन एकर?” दत्तोबा म्हणाला. “बिल्डरचा करारनामा झालाय, मैने. नोंद उघडली की तो उठून जाईल. तू जमीन मागनार नाय, मला ठाऊक हाय. पर कचरू मागंल. तुझा जावई मागंल.”

“मी मागणार नाय असं कुणी सांगितलं? मागीन की. बापाची हाय.”

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. घरातून निघताना तिच्या मनात जमीन नव्हती. पण ज्याला चोर समजून दार लावून घेतात, त्याला आत काय आहे ते बघावंसं वाटतंच.

“बघितलंस?” दत्तोबा विक्रमला म्हणाला. “म्हनून म्हनत व्हतो.”

मग सगळे विक्रमकडे बघू लागले. नम्रता बघत होती, दत्तोबा बघत होता, माधवरावांनीसुद्धा चष्मा लावला. मैना मात्र त्याच्या हनुवटीकडे बघत होती. तो काय बोलेल याची तिला खात्री होती. जीव त्याचा जाणार होता, दत्तोबाचा नव्हे. शिकलेला होता, कंपनीत पन्नास माणसं त्याच्या हाताखाली होती. आक्का म्हणते तसं करू, उद्याच जाऊ, एवढंच त्याला बोलायचं होतं.

विक्रमनं घसा साफ केला. त्यानं मैनाकडे बघितलं नाही.

“माधवराव,” तो हळू आवाजात म्हणाला, “तो वाघोलीचा माणूस... अजून अव्हेलेबल आहे का?”

माधवरावांनी फाइल चाळली. “असेल,” ते म्हणाले. “ती माणसं कुठे जाणार. पण सहापैकी दोनच खुणा जुळतात. ताईंची टिकेल तेवढी ती टिकेलच, असं नाही.”

“पण होईल ना?”

“होईल.”

रडू येईल असं मैनाला वाटलं होतं, ते आलं नाही. इतकी वर्षं तिनं मनाची समजूत घातली होती की दत्तोबा तेवढा कोरडा, विक्रमचं तसं नाही, विक्रमला वेळ नसतो. आता वेळ भरपूर होता. आठवड्यातून बारा तास यंत्रापाशी पडून त्यानं विचार केला होता, आणि बहिणीचं नाव कागदावर येण्यापेक्षा परक्याची अर्धवट जुळणारी किडनी पोटात घेणं त्याला सोयीचं वाटलं होतं. कुत्र्यालासुद्धा ज्या हातची भाकर खाल्ली तो हात कळतो, असं तिला म्हणावंसं वाटलं. ती म्हणाली नाही, कारण त्यात कुत्र्याचा अपमान होता.

तिनं दाखला पुन्हा टेबलावर ठेवला, बशीखाली, उडू नये म्हणून.

“विक्रम, इकडं बघ,” ती म्हणाली. “नाय, दादाकडं नको, माझ्याकडं. द्यायचं मी गणपतीतच ठरवलं. ते मी फिरवत नाय, तुझ्यासारखी मी नाय. पण माझ्या नावानं देईन, ह्या शिक्क्यानं नाय. तलाठ्याकडं माझं नाव लागलं, की एक किडनी तुझी. तेव्हा ती घेशील का त्या माणसाची घेशील, ते तू बघ. द्यायचं मी ठरवलंय, घ्यायचं तू ठरव.”

“आक्का, थांब ना,” विक्रम म्हणाला. “इमोशनल होऊ नको.” पण तो उशीवरून उठला नाही, आणि म्हणता म्हणता त्याची नजर दत्तोबाकडे गेलीच.

“आणि त्या माणसाची घेतलीस तर त्याचा फोन उचल,” मैना म्हणाली आणि पिशवी घेऊन दाराकडे वळली.

“तीन,” मागून आवाज आला.

आई खुर्चीतून उठत होती. एका हातानं खुर्ची, एका हातानं भिंत. “मला तीन लेकरं,” ती म्हणाली. “दत्तोबा, मैना, विक्रम.”

“आता कोण विचारतंय, आई?” मैना म्हणाली. तिला मऊ बोलायचं नव्हतं. त्या अंगठ्याला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत ही म्हातारी दर दिवाळीला तिनं भावांना ओवाळावं म्हणून पाट मांडत होती.

“कुनी नाय इचारत. म्हनूनच सांगते. तलाठी कवा बसतो?”

“उद्या दहाला.”

“मग आजची रात तुज्याकडं ऱ्हाते. नम्रता, माजी चप्पल दे.”

दत्तोबा उठला. “आये, येड लागलं का तुला? खाली बस.”

“तवा बी असंच म्हनला व्हतास,” आई म्हणाली. “खाली बस, आंगठा दे.”

नम्रतानं चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या. ठेवताना ती वाकलेलीच राहिली, आणि वर बघायच्या आत तिनं मैनाच्या हातात आईच्या गोळ्यांची डबी दिली. माधवरावांनी फाइल बंद केली. धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. वाघोलीचा माणूस कुठे जाणार होता?

दोघी कमानीकडे निघाल्या. आईचं पाऊल हळू पडत होतं आणि मैनानं तिचा हात धरला नाही, फक्त तिच्या चालीनं चालली. जिथं चिंच होती तिथं आता कारंजं होतं, बंद पडलेलं. नागोरावनं वही काढली, मैनानं बाहेर जायची वेळ टाकून सही केली.

“माझी बी लाव,” आई म्हणाली.

“तुमची कशाला, आजी? तुमी हितल्याच. जाणाऱ्या-येणाऱ्याची लावतेत.”

“मी चाललेय न्हवं का? लाव. हिच्या नावाच्या खाली लाव. कोन म्हनून लिवायचं असतं त्यात?”

“कोण ते नसतंय. नाव अन् काम.”

“मग कामात लिव,” विमलाबाई म्हणाली. “हिची आई.”

रविवारी संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायचा नागोरावला पगार नव्हता, म्हणून त्यानं सांगितलं तसं लिहिलं. सही येत नाही म्हटल्यावर पार्सलवर मारायच्या शिक्क्याचं पॅड उघडून दिलं. आईनं अंगठा शाईत दाबला आणि वहीवर टेकवला, चांगला जोर देऊन, उमटला का ते वाकून बघत.

मैनानं ती ओळ वाचली. वरती ती, खाली आई. मग तिनं पदराच्या टोकानं आईच्या अंगठ्याची शाई पुसायला घेतली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “निदान वॉचमनच्या वहीत तरी मी तुझी लागले.”